वैद्याचं सोंग

आमच्या वैद्यराजांना रक्त दिसलं की ते पडत. घेरी येते, डोळे मिटतात, माणूस खुर्चीचा आधार शोधतो, असलं सभ्य पडणं नव्हे; सागवानी कपाट कोसळावं तसे. कचेरीतल्या शिपायाच्या बोटाला एकदा टाचणी टोचली. रक्ताचा थेंब मोहरीएवढा, तोही शिपायाचा. आणि वैद्यराज आवक-जावक रजिस्टरासकट जमिनीवर. जाताजाता त्यांनी शाईची दौत, दोन फायली आणि हेडक्लार्क भाऊसाहेब यांनाही बरोबर नेलं. त्या हादऱ्याने भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं ते पुढे कोणी चालूच केलं नाही, कारण त्यात पावणेसहा वाजले होते आणि ती वेळ सगळ्यांच्याच सोयीची होती.

असा माणूस वैद्यराज कसा झाला? मी केला. आणि हे सांगताना माझ्या अंगावर आजही काटा येतो, कारण एरवी मी जे काही करतो त्याचं पुढे काहीच होत नाही.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा टपालाने बुद्धिबळ खेळायचो. एका कार्डावर एक खेळी. समोरचा सांगलीचा असो की सोलापूरचा, माझा वजीर चौथ्या कार्डाला मरायचा आणि उरलेलं वर्षभर मी पोस्टाच्या पेटीत तोंड लपवत फिरायचो. शेवटी ज्यात आपण हरूच शकणार नाही असा खेळ काढणं भाग पडलं. मी एक राज्य रचलं. सात गड, त्यात राक्षस, विषारी दऱ्या, बोलणारे साप, अर्धी दाढी जळालेला एक राजा. खेळणाऱ्याने एक सोंग निवडायचं: योद्धा, मांत्रिक, चोर, भाट किंवा वैद्य. पंधरवड्याला एक कार्ड टाकून कळवायचं की आपलं सोंग आता काय करणार. मी घरी बसून सहा कवड्या टाकायच्या, उताण्या किती पडल्या त्यावर जय-पराजय ठरवायचा आणि निकाल मीठमसाला लावून सगळ्यांना कार्डाने पाठवायचा. मी सूत्रधार, मला मरण नाही. असला खेळ परदेशातही कुठे चालतो असं पुढे मला कोणीतरी सांगितलं. चालत असेल. माझ्याकडूनच उचलला असणार.

नियम मी एकच केला, तोही आमच्या पेठ तालुक्याकडच्या शिपायाने सुचवला म्हणून. त्याच्या गावी बोहाडा असतो, मुखवटे चढवून देवादिकांची सोंगं नाचवतात. तो म्हणाला, "साहेब, आमच्याकडं सोंग एकदा घेतलं का मंग ते सोडायचं नाय. आंगाला चिकटतं ते." मला वाक्य आवडलं. मी नियमात लिहून टाकलं: एकदा निवडलेलं सोंग मरेपर्यंत बदलता येणार नाही.

सोंगं निवडायचा कार्यक्रम कचेरीमागच्या चहाच्या टपरीवर झाला. ज्यांना बायको दळण आणायला पाठवते आणि जे वाटेत कुत्रं दिसलं की गल्ली बदलतात, असे, एक कार्डाने कळवणारा धरून, एकूण नऊ जण योद्धे झाले. भाऊसाहेबांनी चोर मागितला. "तीस वर्षं प्रामाणिक नोकरी केलीय," ते म्हणाले, "आता एकदा तरी हात मारू द्या." वैद्यराज सगळ्यात शेवटी आले, कारण शेवटच्या लखोट्यावर शिक्का मारल्याशिवाय ते खुर्ची सोडत नसत.

"तुम्हीही योद्धाच घ्या," मी म्हणालो. "नवांचे दहा होतील."

"वैद्य कोणी घेतला?"

"कोणीच नाही. वैद्याला काही काम नसतं हो. मागे राहायचं, मुळ्या उगाळायच्या."

"नऊ जण लढणार," ते बोटं मोजत म्हणाले. "म्हणजे निदान नऊ जण जखमी होणार. आणि बांधायला कोणी नाही? हे कसलं राज्य?"

"अहो, पण तुम्ही! रक्त—"

"कार्डावर कुठे रक्त असतं?" असं म्हणून त्यांनी आपल्या टपोऱ्या अक्षरात कागदावर 'वैद्य' लिहिलं. त्या दिवसापासून त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकात उरलं.

तुम्हाला वाटेल, ते नुसते मुळ्या उगाळत बसले. छे! त्या माणसाने माझं राज्य सळो की पळो करून सोडलं. मी कार्डावर लिहावं, 'राक्षसाने योद्ध्याचा खांदा फोडला, औषध सांगा.' उलट टपाली प्रश्न यायचे: 'खांदा डावा की उजवा? जखमीने सकाळपासून काय खाल्लं आहे? घरी कोणाला कळवलं का?' राक्षसाच्या गुहेत पडलेल्या माणसाच्या घरी कोण कळवणार? पण वैद्यराज अडून बसायचे. घरी कळवल्याशिवाय औषध नाही. मग मला त्या योद्ध्याला एक आई द्यावी लागायची, तिला एक गाव, त्या गावाला जायला बैलगाडी. सहा महिन्यांत माझ्या राज्यात राक्षस सात आणि काळजी करणाऱ्या आया चौदा झाल्या.

प्रत्यक्षातही ते तसेच होते. कोणी घाईत टेबलापाशी आलं, ओरडत आलं, रडत आलं, तरी त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "बसा आधी. कुठून आलात?" बोलताबोलता अर्ज कुठे अडलाय ते त्यांना सापडायचं. आणि ते खोटं बोलत नसत. बोलता येतच नसे. साहेबांनी एकदा फोनवर 'मी नाही म्हणून सांगा' म्हटलं, तर ह्यांनी फोनमध्ये सांगितलं, "साहेब आहेत, पण ते नाहीत म्हणून सांगा म्हणतायत." मी दिवसाला पंधरा थापा मारल्याशिवाय न जेवणारा माणूस, मला त्यांच्याकडे पाहिलं की दुर्मीळ प्राणी पाहिल्यासारखं व्हायचं.

आता आमच्या नऊ योद्ध्यांतले एक गुरुजी. प्राथमिक शाळेत शिकवायचे, चांदवडच्या पलीकडच्या एका गावात. कांद्याचं गाव, घराघराशेजारी कांदा साठवायची चाळ. गावात टपाल दिवसातून एकदा यायचं आणि ते आधी चावडीसमोरच्या चहाच्या हॉटेलात यायचं. लखोटा असेल तर तो पोस्टमन उन्हाला धरून बघायचा. कार्ड असेल तर कसलाच पडदा नाही, मोठ्याने वाचायचा. गुरुजींच्या हाती कार्ड पडेपर्यंत ते अख्ख्या गावाला पाठ झालेलं असे.

आणि मी लिहायचो काय! गुरुजींच्या योद्ध्याला एका दरीत सापाने दंश केला. कवड्या टाकल्या, सहाच्या सहा उताण्या. मग माझी लेखणी कोण आवरणार? मी लिहिलं: 'अंग काळंनिळं पडलं, तोंडाला फेस आला, गावाने आशा सोडली. पण धन्य ते नाशिकचे वैद्यराज! त्यांच्या मुळीचा वास येताच मेलेला उठून बसला.' खाली नेहमीप्रमाणे वैद्यराजांचा पत्ता, कारण खेळणाऱ्यांनी एकमेकांना कार्डं टाकावीत अशी माझीच सोय. आणि नेमके त्या महिन्यात गुरुजी खरोखरीचा विषमज्वर होऊन एकवीस दिवस आडवे होते आणि खरोखरीच उठून बसले होते.

गावाने दोन आणि दोन मिळवले.

गुरुजींनी समजावलं नाही असं नाही. घसा बसेपर्यंत सांगितलं की हा खेळ आहे. पण गावात सगळ्यांना माहीत असतं की मुळीचं औषध उघड केलं की त्याचा गुण जातो. गुरुजी जितकं 'असं काही नाही' म्हणाले तितकं गाव हसून मान डोलवू लागलं. गुरुजींना शपथ घातलेली दिसते!

रविवारची सकाळ होती. वैद्यराज इंदिरानगरला राहायचे. तेव्हाचं इंदिरानगर म्हणजे सहा घरं, बाकी कुसळं. मी त्यांच्याकडे चहाला गेलो होतो. वहिनी पोहे करत होत्या. एवढ्यात दारात कांद्याचा ट्रक येऊन उभा राहिला. मागे पोत्यांवर एक पोरसवदा सून झोपवलेली, पायाला पोटरीवर फडकं आवळलेलं, डोळे अर्धे मिटलेले. सासरा उडी मारून खाली आला आणि त्याने थेट वैद्यराजांचे पाय धरले.

"कांद्याच्या चाळीत हात घातला अन् खालून पायाला डसलं. दोन घंटं झाले. तुमीच आता मायबाप."

माझ्या हातातली बशी खाली पडली. वैद्यराज पांढरेफटक झाले. "अहो, मी वैद्य नाही. मी कारकून आहे. तो खेळ आहे, हे बघा, हे सूत्रधार, ह्यांनीच—"

सासऱ्याने ट्रकवाल्याकडे वळून बघितलं. "म्हनलं व्हतं ना? खरा जो असतो तो आधी नायच म्हनतो."

"अहो, मला काहीही येत नाही!"

"तेच. आमच्या आज्यालाबी इंचू उतरवता यायचा, तोबी असंच म्हनायचा."

"मी तुमच्याकडून एक पैसा घेणार नाही, पण माझं ऐका—"

"बघा!" सासऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "पैसाबी घेत नाय!"

प्रत्येक खरं वाक्य त्यांच्या वैद्यकीचा पुरावा होत होतं. अख्ख्या हयातीत मी इतका हबकलो नव्हतो. चांदवडचा सरकारी दवाखाना ह्यांनी वाटेत मागे टाकला होता, त्याच्या दारावरून ट्रक हाकत आणला होता, माझ्या एका कार्डापायी. ट्रकमधली पोर काहीतरी पुटपुटली. वैद्यराजांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या पाठीचा कणा सरळ झालेला मी पाहिला.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पण माझी मुळी घरात राहत नाही. ती काचेच्या कुपीत असते, गार पेटीत. ती पेटी मोठ्या सरकारी दवाखान्यात आहे. ट्रक फिरवा."

सासऱ्याची शंका फिटली. ह्याला गार पेटी लागते म्हणजे मुळी भारीच असणार! ट्रक फिरला. मीही पोत्यांवर चढलो. वैद्यराज वाटभर त्या पोरीशी बोलत राहिले: नाव काय, माहेर कुठलं, आई काय करते, झोपायचं नाही बरं का. दवाखान्यात डॉक्टरांनी झटपट कुपी काढली, सुई भरली. आणि तिच्या दंडातून रक्ताचा एक ठिपका वर आला.

वैद्यराज कपाटासारखे आडवे झाले.

खाटेच्या पलीकडे सासरा उभा होता. त्याने बघितलं ते एवढंच: इकडे सुई टोचली, तिकडे वैद्यराज कोसळले, आणि तासाभराने सुनेने डोळे उघडून पाणी मागितलं. त्याने हात जोडले, कपाळाला लावले आणि वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "इख सवताच्या अंगावर घेतलं!"

झालं. त्यानंतर चांदवड तालुका इंदिरानगरला यायला निघाला. खोटं सांगत नाही, एका रविवारी मी मोजले तेव्हा अंगणात सव्वीस माणसं, दोन शेळ्या आणि मुका झालेला एक पोपट होता. वहिनींनी पोह्यांचं पातेलं बदलून हंडा आणला. वैद्यराज प्रत्येकाला 'मी वैद्य नाही' असं सांगत आणि मग आपणच बरोबर निघून दवाखान्याच्या रांगेत उभे राहत, केसपेपर काढत, कोणता डॉक्टर कुठे बसतो ते दाखवत. रक्त तपासायच्या खोलीपाशी मात्र तोंड भिंतीकडे करत.

दोन महिन्यांनी ते माझ्याकडे आले. "सूत्रधार, मला सोडवा. माझं सोंग बदला. मला चोर करा."

"भाऊसाहेब ऐकणार नाहीत."

"चेष्टा नाही. हे लोक दवाखाना ओलांडून माझ्याकडे येतात. एखाद्या दिवशी—"

नियमाप्रमाणे सोंग मेल्याशिवाय सुटत नव्हतं. मी म्हटलं, मग मारू की! आणि माझ्या हुशार डोक्यातून जी कल्पना निघाली तिच्याबद्दल मला आजतागायत कोणी जोड्याने मारलेलं नाही, ही लोकांची चूक आहे. मी गुरुजींना कार्ड लिहिलं: 'वैद्यराज गेले.' म्हणजे खेळात गेले. पण गावाची खात्री पटावी म्हणून मी त्या कार्डाचा कोपरा फाडला. घरात मयत झाली की फाडतात तसा.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोन टेम्पो भरून गाव आलं. बाया गल्लीच्या तोंडापासूनच हंबरडा फोडत निघाल्या. आत वहिनींनी आपल्याच नवऱ्याच्या नावाचा आक्रोश ऐकला आणि हातातलं उलथनं घेऊन त्या बाहेर धावल्या. मागोमाग वैद्यराज आले, गालाला साबणाचा फेस, हातात दाढीचा ब्रश. "बसा आधी," ते म्हणाले. "कोण गेलं?"

मग एक म्हातारा हळूच जमिनीवर आडवा झाला आणि त्याने साष्टांग नमस्कार घातला. त्याच्या मागे सगळ्यांनी.

विष पचवणारा आता मरणही पचवून बसला होता. मी घरी जाऊन पोट धरून हसलो. चार दिवस हसत होतो. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

पाचव्या दिवशी सकाळी साडेदहाला कचेरीसमोर ट्रक थांबला. तोच ट्रक. ह्या वेळी त्यात ट्रकवाल्याचा धाकटा भाऊ होता, तिशीतला गडी. त्यालाही कांद्याच्या चाळीतच साप चावला होता. घरी गेले तर वैद्यराज कचेरीत, म्हणून इकडे आणला. दवाखाना वाटेत दोनदा लागला होता. एकदा चांदवडला, एकदा इथे. वैद्यराज धावत खाली गेले आणि ट्रकच्या फाळक्यावर चढले. मी जिन्यातच थांबलो, कारण मला त्यांची पाठ दिसली आणि पाठीवरूनच कळलं.

त्या गड्याची आई शेजारी बसली होती. रडत नव्हती. इतक्या लांबून आल्यावर आता काम होणार, अशा चेहऱ्याने ती म्हणाली, "उठवा त्याला."

वैद्यराज तिच्याजवळ खाली बसले.

"तुमी तर सवताच उठला ना? मंग ह्याला उठवा."

मी थापाड्या माणूस आहे. कोणत्याही प्रसंगाला माझ्याकडे तयार वाक्य असतं. त्या दिवशी जिन्यात उभं राहून मी शोधलं, एकही सापडलं नाही. रक्त कुठेच नव्हतं, तरी वैद्यराज पडतील असं मला वाटलं. ते पडले नाहीत. त्यांनी त्या बाईचा हात धरला आणि तसेच बसून राहिले, पोलीस येईपर्यंत आणि त्यानंतरही.

तेराव्यानंतर ते म्हणाले, "मी गावात जातोय. येणार?"

एस.टी.त मी वाटभर त्यांना एकच सांगत होतो. "सगळं खरं सांगून टाका. खेळ, कार्डं, कवड्या, सगळं. मी कबूल करतो, हवं तर मला मारू दे." आयुष्यात पहिल्यांदा मी खऱ्याची बाजू घेत होतो, भीतीने का होईना.

ते खिडकीबाहेर बघत होते. चांदवडचा दवाखाना मागे पडल्यावर म्हणाले, "खरं मी पहिल्या दिवसापासून सांगतोय. रोज सांगितलं. खरं सांगता सांगता माणूस गेला."

"मग काय करणार?"

"आता खोटं बोलून बघतो. जमेल का, माहीत नाही. सवय नाही. गार पेटीचं तेवढं एकदा बोललो होतो."

चावडीसमोर गाव जमलं. गुरुजी एका कडेला, मान खाली. ती आई बायांच्या पुढे बसलेली. वैद्यराज उभे राहिले. आवक-जावकच्या कारकुनाचं ते किरकोळ शरीर. धोतर नाही, दाढी नाही, पांढरा शर्ट आणि खिशाला पेन.

"माझ्या औषधाला एक पथ्य आहे," ते म्हणाले. "साप चावला की आधी चांदवडच्या सरकारी दवाखान्यात जायचं. सुई घ्यायची. ती सुई अंगात गेल्याशिवाय माझी मुळी लागू पडत नाही. उलटते. विषाचं दुप्पट विष होतं. मग माणूस माझ्याही हातात राहत नाही. आधी दवाखाना, मग मी."

मग मागून ट्रकवाला उठला. मेलेल्याचा भाऊ. "हे आधी का नाय सांगितलं?"

हा प्रश्न माझा होता. त्याचं उत्तर मी होतो. मी वैद्यराजांच्या मागे दोन पावलांवर उभा होतो. पुढे होऊन बोलायला एवढं अंतर काही फार नव्हतं.

"विसरलो," वैद्यराज म्हणाले. "सांगायचं राहून गेलं. चूक माझी आहे. ह्या माउलीचा मुलगा माझ्या विसरण्याने गेला."

खोटं बोलता न येणारा माणूस किती मोठं खोटं बोलू शकतो ते मी त्या दिवशी पाहिलं. मी तोंड उघडलं नाही. कोणी दगड उचलला असता तर तो त्यांनाच लागला असता, आणि मी मागे सुरक्षित होतो. दगड कोणी उचलला नाही. ती आई उठली, सावकाश त्यांच्यासमोर आली, त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला खरं कळलं होतं की नव्हतं, मला आजही सांगता येत नाही.

"आता इसरू नका," ती म्हणाली, आणि घराकडे गेली.

ते विसरले नाहीत. त्या वर्षापासून दर ज्येष्ठात, सापांचे दिवस सुरू होण्याआधी, त्यांचं एक कार्ड गुरुजींच्या नावाने जाई. गुरुजी ते चावडीवर वाचून दाखवत आणि भिंतीला चिकटवत. पुढच्याच पावसाळ्यात एक म्हातारबुवा नातवाच्या खांद्यावर हात ठेवून इंदिरानगरला आले. चाळीत साप चावला होता. हातात चांदवडच्या दवाखान्याचा कागद, सुईची नोंद, डॉक्टरची सही, तीन दिवस ठेवून घेतल्याचा शिक्का. "सुई झाली," म्हातारबुवा म्हणाले, "आता मुळी द्या." वैद्यराजांनी तो कागद दोनदा वाचला. मग आत जाऊन तुळशीची दोन पानं आणून दिली आणि परत आत गेले ते बराच वेळ बाहेर आलेच नाहीत.

आमचा खेळ अर्थातच मोडला. कवड्या मी बहिणीच्या मुलींना दिल्या. कार्डावर दोन ओळींपेक्षा जास्त लिहायची मला भीती वाटू लागली.

सत्याऐंशीच्या सुमारास त्यांची जळगावला बदली झाली. सामान टेम्पोत चढलं, वहिनी पुढे बसल्या. वैद्यराजांनी मला बाजूला घेतलं.

"मी गेलो हे त्या गावात कळवू नका. जवळ आहे असं वाटलं पाहिजे. कार्ड इथूनच जाऊ दे, नाशिकच्या शिक्क्याचं. माझं अक्षर काढता येतं तुम्हाला."

"येतं," मी म्हणालो. कचेरीत त्यांच्या नावाने मी किती रजेचे अर्ज खरडले होते हे त्यांना ठाऊक होतं, एवढंच तेव्हा कळलं.

"चार शब्द लिहायचे. आधी दवाखाना, मग मी. त्यात भर घालू नका, सूत्रधार. सुंदर करायला जाऊ नका."

दोन वर्षांनी वहिनींचं कार्ड आलं. कोपरा फाडलेला. मी ते हातात धरून हसायला लागलो, म्हटलं, वैद्यराजांनी फिट्टंफाट केली! माझीच युक्ती माझ्यावर उलटवली! चांगला मिनिटभर हसत होतो. मग वाचलं. टेबलावर बसल्याबसल्या, सकाळी अकराला, हृदय बंद पडलं होतं. मी कार्ड उलटं केलं, सुलटं केलं, फाडलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. ते खरंच फाडलेलं होतं.

मी गुरुजींना लखोटा पाठवला. आयुष्यात पहिल्यांदा लखोटा, चारही कडांना खळ लावून, पोस्टमनने कितीही उन्हाला धरला तरी दिसू नये असा. आत लिहिलं की वैद्यराज गेले, खरे गेले. आणि बरोबर, ज्येष्ठ आठवड्यावर आला होता म्हणून, एक वेगळं कार्ड टाकलं. टपोऱ्या अक्षरात. आधी दवाखाना, मग मी. पाचवा शब्द लिहिण्यासाठी माझा हात शिवशिवला नाही.

पंधरा दिवसांनी गुरुजींचं उत्तर आलं. साधं कार्ड, पोस्टमनपासून सगळ्यांना वाचता येईल असं. त्यांनी लिहिलं होतं: 'कार्ड पोचलं. चावडीवर वाचून दाखवलं, भिंतीला लावलं. ट्रकवाल्याच्या म्हातारीने विचारलं, वैद्यराज बरे आहेत ना. बरे आहेत म्हणून सांगितलं.'